आमदारांचे वेतन मतपत्रिकेवर येते तेव्हा : कॅलिफोर्नियाच्या ‘प्रस्ताव १-एफ’च्या निमित्ताने

प्रश्न : मी काही वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि आता कॅलिफोर्नियात मतदान करतो. लोकप्रतिनिधींच्या पगाराविषयीचे प्रस्ताव इथे थेट मतदारांपुढे येतात, हे मला नवीन होते. २००९ साली ‘तुटीच्या वर्षी पगारवाढ नाही’ असा प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर झाल्याचे वाचले. त्यातून खरोखर काही साधले का? पुन्हा असा प्रस्ताव आला तर मत देण्यापूर्वी काय पाहावे? आणि महाराष्ट्रात आमदारांच्या पगाराबद्दल लोकांना असे का विचारले जात नाही?

उत्तर : कॅलिफोर्नियातील नगरपालिका, काउंट्या (म्हणजे तिथले जिल्हे) आणि पाणीपुरवठा करणाऱ्या स्थानिक संस्था यांच्या वेतनश्रेणी ठरवण्याच्या कामात मी सव्वीस वर्षे होते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन उत्तरे त्यातूनच निघतात. आपण वाचलेल्या त्या प्रस्तावामुळे, म्हणजे प्रस्ताव १-एफमुळे, राज्याच्या तिजोरीचे जवळजवळ काहीही वाचले नाही. त्या वर्षी आमदारांच्या पगारात जी खरी आणि मोठी कपात झाली, ती १-एफने केलेली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या आणि तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेलेल्या एका वेगळ्या प्रस्तावाने ती घडवून आणली. म्हणून पगाराविषयीचा प्रस्ताव वाचताना ‘किती’ हा आकडा मागे ठेवावा आणि पगार कोण ठरवणार, कशाशी तुलना करून ठरवणार आणि तो केव्हापासून लागू होणार, हे आधी शोधावे, असे माझे ठाम मत आहे.

यामागचा इतिहास थोडा सांगणे आवश्यक आहे. १९६६ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या आमदाराचा पगार थेट राज्यघटनेत लिहिलेला होता : महिना ५०० डॉलर. तो वाढवायचा तर घटनादुरुस्ती करावी लागे आणि या राज्यात प्रत्येक घटनादुरुस्ती मतदारांपुढे न्यावीच लागते. नोव्हेंबर १९६६ मध्ये असेंब्लीचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, सभापती जेसी अनरू यांच्या पुढाकाराने आलेला प्रस्ताव १-ए लोकांनी स्वीकारला. विधिमंडळ पूर्णवेळ झाले, पगार वर्षाला ६,००० डॉलरवरून १६,००० वर गेला आणि यापुढे विधिमंडळाने स्वतःचा पगार कायद्याने ठरवावा, मात्र वर्षाला पाच टक्क्यांहून अधिक वाढ घेऊ नये, अशी व्यवस्था झाली. वरवर ही रचना समंजस दिसते. पण स्वतःच्या पगारवाढीला हात वर करणे कोणत्याही आमदाराला निवडणुकीत महाग पडते, त्यामुळे पगार महागाईच्या मागे राहत गेला आणि ती उणीव आडमार्गाने भरून निघू लागली. एखाद्या उद्योगसंघटनेच्या भोजनसमारंभात दहा मिनिटे भाषण करायचे आणि त्याचे ‘मानधन’ म्हणून हजार-दोन हजार डॉलर स्वीकारायचे, हा त्या काळी पूर्ण कायदेशीर प्रकार होता. त्याच संघटनेचे विधेयक दुसऱ्या दिवशी त्याच आमदाराच्या समितीपुढे असे. १९८८ मध्ये केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, सॅक्रामेंटोच्या विधानभवनातील कार्यालयांवर छापे घातले. कोळंबी प्रक्रियेच्या एका बनावट कंपनीसाठी विधेयक मंजूर करून घेण्याचा सापळा तिने रचला होता आणि त्यात काही लोकप्रतिनिधी अडकले.

जून १९९० चा प्रस्ताव ११२ या पार्श्वभूमीवर आला, आणि माझ्या दृष्टीने गेल्या साठ वर्षांत या विषयावर या राज्यात झालेले ते सर्वांत महत्त्वाचे मतदान होय. त्यातला सौदा सरळ होता. आमदारांनी भाषणांचे मानधन सोडावे, भेटवस्तूंवर मर्यादा मान्य करावी आणि पगार ठरवण्याचा अधिकारही सोडावा. तो अधिकार एका स्वतंत्र नागरिक आयोगाकडे जावा. या आयोगावर सात सदस्य असतात आणि त्यांची नेमणूक गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख, करतात. परंतु कोणाला नेमायचे याची चौकट घटनेनेच घालून दिली आहे. एक सदस्य वेतनशास्त्राचा जाणकार हवा, एक लोकहितासाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेतला हवा आणि एक सामान्य नागरिक हवा. गृहिणी, सेवानिवृत्त व्यक्ती किंवा मध्यम उत्पन्नाचा माणूस चालेल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. उरलेल्यांपैकी दोघे उद्योगक्षेत्रातले, एक मोठ्या कंपनीतला आणि एक लहान व्यवसायाचा मालक. आणि दोघे कामगार संघटनांचे. पगार ठरवताना कामाला लागणारा वेळ, तुलनीय शासकीय व खासगी पदांचे वेतन आणि जबाबदारीची व्याप्ती यांचा विचार करावा, हेही त्यात नमूद आहे. सभा जाहीर घ्याव्या लागतात. मी अशा सभांना प्रेक्षक म्हणून बसलेली आहे. तिथे गर्दी नसते, घोषणा नसतात, कंटाळवाण्या तक्त्यांवर कंटाळवाणी चर्चा चालते, आणि पगारासारख्या विषयावरचे निर्णय अशाच वातावरणात व्हायला हवेत.

आयोगाने डिसेंबर १९९० मध्ये आमदारांचा पगार ४०,८१६ वरून ५२,५०० डॉलरवर नेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी प्रस्ताव १४० मंजूर करून कार्यकाळाला मर्यादा घातली आणि नव्या आमदारांचे आमदारकीचे निवृत्तिवेतनही बंद केले. पगाराचा आकडा पाहताना ही दुसरी बाजू बरेच जण विसरतात. कॅलिफोर्नियाचा आमदार पगाराने अमेरिकेतील सर्वाधिक मिळवणाऱ्यांपैकी असला, तरी आमदारकीची पेन्शन त्याला मिळत नाही.

आता २००९ कडे येऊ. जागतिक मंदीने राज्याचे उत्पन्न कोसळले होते आणि सुमारे ४२ अब्ज डॉलरची तफावत भरून काढायची होती. त्या वेळी अर्थसंकल्प मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागत. सिनेटमध्ये शेवटचे एक मत कमी पडत होते आणि ते सिनेटर एबल माल्डोनाडो यांनी काही अटींवर दिले. त्या अटींपैकी एक म्हणजे प्रस्ताव १-एफ. १९ मे २००९ रोजी विशेष निवडणूक झाली. मतपत्रिकेवर सहा प्रस्ताव होते. कर, शिक्षणनिधी, लॉटरीचे उत्पन्न यांविषयीचे पहिले पाचही मतदारांनी फेटाळले आणि सहावा, १-एफ, सुमारे ७४ टक्के मतांनी मंजूर केला. मीही त्याच्या बाजूने मत दिले होते. घराघरांतून नोकऱ्या जात असताना ज्यांच्या हाती राज्याचा हिशेब आहे त्यांना वाढ मिळू नये, ही भावना मला तेव्हा न्याय्य वाटली आणि आजही वाटते. भावना न्याय्य होती. तिच्यासाठी निवडलेले साधन मात्र पोकळ होते, हे मला नंतर मजकूर बारकाईने वाचल्यावर उमगले.

ते साधन कसे चालते ते पाहा. आयोग ३० जूनपर्यंत ठराव करून पगार ठरवतो आणि तो पुढच्या डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून लागू होतो. १-एफने यात एक पायरी घातली : राज्याच्या वित्त विभागाच्या संचालकांनी १ जूनपर्यंत आयोगाला कळवायचे, की आर्थिक अनिश्चिततेसाठी ठेवलेल्या विशेष निधीत ३० जूनला उणे शिल्लक राहणार आहे काय, आणि ती उणे शिल्लक सर्वसाधारण निधीच्या (राज्याच्या मुख्य खर्चनिधीच्या) वार्षिक महसुलाच्या एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे काय. तसे असेल तरच त्या वर्षी वाढ देता येत नाही. म्हणजे वर्तमानपत्रात ज्याला आपण ‘तूट’ म्हणतो ती ही तूट नव्हे. पुढच्या वर्षाचा अंदाज कितीही भयानक असो, चालू वर्षाच्या अखेरीस त्या एका निधीत पैसे शिल्लक असतील तर बंदी लागू होत नाही. कर्ज काढून, देणी पुढे ढकलून किंवा दुसऱ्या निधीतून उसने घेऊन ती शिल्लक दाखवता येते. शिवाय दाखला देणारे वित्त संचालक गव्हर्नरने नेमलेले असतात आणि त्या दाखल्यावर खुद्द गव्हर्नरचीही वाढ अवलंबून असते. या अधिकाराचा कुणी गैरवापर केला असे मी म्हणत नाही, पण ज्याचा पगार अडतो त्याच्याच हाताखालच्या माणसाने दाखला द्यायचा, ही रचना वेतनव्यवस्थेत काम केलेल्या कोणालाही खटकेल.

आणखी एक गोष्ट. १-एफ वाढ थांबवतो. कपात करत नाही. आणि थांबवतो तीही फक्त वार्षिक पगारातली वाढ. आमदारांना अधिवेशनाच्या काळात मिळणाऱ्या दैनिक भत्त्याला त्याचा स्पर्शही झाला नाही. त्या सुमारास हा भत्ता दिवसाला पावणेदोनशे डॉलरच्या घरात होता आणि राजधानीपासून पन्नास मैलांहून दूर राहणाऱ्या सदस्यांना त्यावर संघराज्याचा प्राप्तिकर लागत नव्हता. करमुक्त भत्त्यातला एक डॉलर करपात्र पगारातल्या एका डॉलरपेक्षा मोठा असतो, हे पगारदार वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

विधिमंडळाच्या निष्पक्ष वित्तविश्लेषक कार्यालयाने निवडणुकीपूर्वी मतदारांच्या घरी येणाऱ्या सरकारी मतदार पुस्तिकेतच लिहिले होते, की या प्रस्तावाने काही वर्षी किरकोळ बचत होईल. एवढे एक वाक्य वाचले असते तरी पुरे होते.

आता खरी कपात. २० मे २००९ रोजी, म्हणजे निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी, प्रस्ताव ११२ मधून जन्मलेल्या नागरिक आयोगाने बैठक घेऊन निर्वाचित राज्याधिकाऱ्यांच्या वेतनात १८ टक्के कपात ठरवली. आमदारांचा पगार १,१६,२०८ डॉलरवरून ९५,२९१ वर आला. गव्हर्नरपदाचा २,१२,१७९ वरून १,७३,९८७ वर. (तेव्हाचे गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर वेतन घेतच नव्हते, हा भाग वेगळा.) २०१२ मध्ये आयोगाने आणखी पाच टक्के कापले. यासाठी आयोगाला १-एफची गरज पडली नाही. पुढे राज्याचा महसूल सावरला तशी टप्प्याटप्प्याने वाढ दिली गेली, पण २०१९ च्या डिसेंबरातही आमदारांचा पगार १,१४,८७७ डॉलर, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या पातळीच्या खालीच होता. ज्यांचा पगार आहे त्यांच्या हातून निर्णय काढून घेतला की तो खालीही जाऊ शकतो, हे इथे सिद्ध झाले. स्वतःचा पगार स्वतः ठरवणाऱ्या विधिमंडळाने सलग दोनदा इतकी कपात केल्याचे उदाहरण माझ्या आठवणीत नाही.

तरीही प्रमाणाचे भान ठेवावे. १२० आमदार, प्रत्येकी २०,९१७ डॉलरची कपात : वर्षाची बचत सुमारे २५ लाख डॉलर. त्या वेळच्या ४२ अब्जांच्या तफावतीशी ताडून पाहिले तर प्रत्येक लाख डॉलरमागे सहा डॉलर. जो कोणी पगाराचा प्रस्ताव ‘तिजोरी वाचवण्यासाठी’ म्हणून आपल्यापुढे मांडतो, त्याला हा भागाकार करून दाखवायला सांगावा. लोकप्रतिनिधींच्या पगाराचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात मिठाएवढाही नसतो. त्याचा परिणाम होतो तो वेगळ्या ठिकाणी : आमदारकीला कोण उभे राहू शकते आणि निवडून आल्यावर कोणाच्या ताटात जेवते, यावर.

पगाराला शिक्षेचे हत्यार बनवण्याचा दुसरा प्रयत्न लगेच पुढच्या वर्षी झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये मंजूर झालेल्या प्रस्ताव २५ ने अर्थसंकल्पासाठी दोन-तृतीयांशाऐवजी साधे बहुमत पुरेसे केले आणि जोडीला अशी तरतूद ठेवली, की १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा पगार आणि भत्ता आमदारांनी कायमचा गमवावा. पहिल्याच वर्षी पेच आला. जून २०११ मध्ये विधिमंडळाने मुदतीत अर्थसंकल्प मंजूर केला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी तो नाकारला, आणि राज्याचे कंट्रोलर, म्हणजे तिजोरीतून पैसे अदा करणारे मुख्य लेखाधिकारी, जॉन चियांग यांनी हिशेब तपासून जाहीर केले की ८९.७५ अब्जांच्या खर्चासमोर ८७.९ अब्जांचाच महसूल दाखवला आहे. हा संतुलित अर्थसंकल्प नव्हे, सबब पगार बंद. बारा दिवसांचे, दिवसाला सुमारे ४०० डॉलर आमदारांना मिळाले नाहीत. लोकांना अतिशय आनंद झाला. परंतु विधिमंडळाचे नेते न्यायालयात गेले, आणि न्यायालयांनी, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने धरून, असा निर्णय दिला की अर्थसंकल्प संतुलित आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कंट्रोलरला नाही. महसुलाचा अंदाज बांधणे हे विधिमंडळाचे काम आहे. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय मला बरोबर वाटतो. पगार रोखून धरणारा अधिकारी जर अर्थसंकल्पाच्या आशयावर मत देऊ लागला, तर अर्थसंकल्प प्रत्यक्षात तोच लिहू लागेल. मात्र त्यामुळे शिक्षेची किल्ली पुन्हा ज्यांना शिक्षा करायची त्यांच्याच खिशात गेली. २०११ नंतर १५ जूनची मुदत पाळली जाते हे खरे; पण मुदतीत एक आराखडा मंजूर करायचा आणि महत्त्वाचे तपशील नंतरच्या पूरक विधेयकांत भरायचे, अशी रीत पडली आहे. आणि मुदत पाळली जाते याचे मोठे कारण पगाराची भीती नसून साधे बहुमत हे आहे, असे मला वाटते.

इतर राज्यांचे अनुभव हेच दुसऱ्या बाजूने सांगतात. शेजारच्या ॲरिझोनात वेतन आयोग शिफारस करतो आणि आमदारांच्या पगाराची शिफारस मतदारांपुढे जाते. १९९८ मध्ये लोकांनी १५,००० वरून २४,००० डॉलरची वाढ मान्य केली. त्यानंतर आलेली प्रत्येक वाढ फेटाळली, २०१४ मध्ये ३५,००० चा प्रस्तावही. लोकांचा हक्क म्हणून ते ठीकच. पण मग काय झाले? २०२१ मध्ये विधिमंडळाने दैनिक भत्ता संघराज्याच्या दरांशी जोडून तो वाढवून घेतला आणि त्यासाठी मतदारांना विचारण्याची गरज नव्हती. पगाराचे दार बंद ठेवले की पैसा भत्त्याच्या खिडकीतून येतो, आणि खिडकीकडे फारसे कोणी पाहत नाही.

मिनेसोटाची गोष्ट मला अधिक आश्वासक वाटते. तिथे आमदारांचा पगार १९९९ पासून ३१,१४० डॉलरवर गोठला होता. २०१६ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून पगाराचा अधिकार आमदारांकडून काढून एका परिषदेला दिला. या परिषदेचे सोळा सदस्य अर्धे गव्हर्नर नेमतात, अर्धे राज्याचे सरन्यायाधीश. परिषदेने २०१७ पासून पगार ४५,००० केला. हीच वाढ थेट विचारली असती तर ती हरली असती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ‘कोणी ठरवावे’ असे विचारल्यावर लोकांनी स्वच्छ उत्तर दिले. वॉशिंग्टन राज्याने १९८६ मध्येच याहून पुढचे पाऊल टाकले. तिथल्या वेतन आयोगातले निम्म्याहून अधिक सदस्य मतदारयादीतून चिठ्ठी टाकून निवडले जातात, आणि आयोगाचा निर्णय न पटल्यास नव्वद दिवसांत सह्या गोळा करून तो मतदानाला आणता येतो. मला स्वतःला ही रचना सर्वांत आवडते. निर्णय सामान्य नागरिकांनी, शांतपणे, आकडे समोर ठेवून घ्यायचा. आणि त्यात गडबड वाटली तर सगळ्यांना नकाराधिकार.

सावधगिरीचे उदाहरण हवे असेल तर आर्कान्सॉ पाहा. २०१४ च्या तिथल्या प्रस्तावात नीतिनियम, लॉबिस्टांच्या (हितसंबंधी गटांसाठी आमदारांवर प्रभाव टाकणाऱ्यांच्या) भेटवस्तूंवर बंदी आणि स्वतंत्र वेतन आयोग अशा चांगल्या गोष्टी होत्या. त्यांच्या सोबतच आमदारांची कार्यकाळमर्यादा वाढवून एकाच सभागृहात सोळा वर्षे राहण्याची मुभाही होती. प्रस्ताव थोडक्या बहुमताने मंजूर झाला. पुढच्या वर्षी आयोगाने पगार १५,८६९ वरून ३९,४०० डॉलरवर नेला. ती वाढ मला अवाजवी वाटत नाही. १५,८६९ डॉलरात कोणी प्रामाणिकपणे काम करावे ही अपेक्षाच अवाजवी होती. पण एका मतात तीन निर्णय बांधले गेले, हा दोष राहतोच.

आता तुलनेच्या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. ‘तुलनीय पदांच्या वेतनानुसार’ हे शब्द निरुपद्रवी दिसतात. प्रत्यक्षात तुलनेची यादी कोण बनवतो यावर निकाल ठरतो. एका संस्थेसाठी मी सर्वेक्षण करत असताना आधीच्या वर्षांची यादी तपासली, तेव्हा लक्षात आले की तिच्यातली दोन गरीब गावे गळून त्यांच्या जागी समुद्रकिनाऱ्याची दोन श्रीमंत गावे आली होती, आणि या बदलाचे कारण कुठेही नोंदलेले नव्हते. पगार बाजारभावाप्रमाणेच होता. बाजारच बदलला होता. यात भर म्हणून जवळजवळ प्रत्येक संस्था स्वतःला ‘सरासरीपेक्षा किंचित वर’ ठेवू इच्छिते. सगळे जण सरासरीच्या वर जायला निघाले की सरासरी दरवर्षी वर सरकते, आणि कोणी काही गैर केले असे दाखवता येत नाही. म्हणून पगाराला एखाद्या निर्देशांकाशी किंवा दुसऱ्या पदाशी जोडणारा प्रस्ताव आला, तर त्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे ते पाहावे. ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राची सांख्यिकी संस्था काढते. तो आमदारांना वाकवता येत नाही. न्यायाधीशांचे वेतन मात्र अनेक राज्यांत विधिमंडळच ठरवते. आमदारांचा पगार न्यायाधीशांशी जोडला तर आपण फार काही मिळवले नाही.

आणि काही प्रस्ताव असे असतात, की ज्यांत ‘पगार’ हा शब्दच नसतो. लॉस एंजेलिस काउंटीतल्या बेल या सुमारे ३७ हजार वस्तीच्या श्रमिकांच्या शहरात नोव्हेंबर २००५ मध्ये एक विशेष निवडणूक झाली. विषय होता शहराला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचा स्वतःचा मूलभूत कायदा, देण्याचा. स्थानिक स्वायत्तता वाढेल, असे सांगितले गेले. चारशेहून कमी मते पडली आणि सनद मंजूर झाली. सनद नसलेल्या शहरांतल्या नगरसेवकांच्या मानधनावर राज्याच्या कायद्याची मर्यादा असते. सनद मिळताच ती मर्यादा उठली. जुलै २०१० मध्ये वृत्तपत्रांनी प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा शहराचे प्रशासक रॉबर्ट रिझो यांचे वार्षिक वेतन आठ लाख डॉलरच्या जवळ पोहोचले होते आणि अर्धवेळ नगरसेवक लाखाच्या आसपास घेत होते. पुढे खटले झाले, शिक्षा झाल्या. त्या शहरातली बहुसंख्य कुटुंबे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली, दोन-दोन नोकऱ्या करणारी होती. त्यांच्या घरपट्टीतून हा पैसा गेला, आणि तो जाण्याचा रस्ता त्यांच्याच शहरातल्या, फार थोडे लोक आलेल्या एका मतदानाने खुला केला. विशेष निवडणुकीत आपल्या घरी येणारी पुस्तिका बाजूला टाकू नका, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला कळकळीने सांगते ते यामुळेच.

ती पुस्तिका कशी वाचावी, हा आपला दुसरा प्रश्न. पहिल्या पानावरचे शीर्षक आणि बाजूने-विरोधात लिहिलेले युक्तिवाद सर्वांत शेवटी वाचावेत. आधी वित्तविश्लेषकांचे विवेचन वाचावे. आणि मग मागच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेला प्रत्यक्ष कायद्याचा मजकूर काढावा. घटनेत किंवा कायद्यात बदल असेल तेव्हा वगळले जाणारे शब्द तिथे आडवी रेघ मारून आणि नवे शब्द तिरक्या टाइपात छापलेले असतात, त्यामुळे नेमके काय बदलते ते कळते. ‘वेतन’ या शब्दात भत्ते, वाहनखर्च, विमा आणि निवृत्तिवेतन येतात की नाही ते तिथेच समजते. वाढ मंजूर करणाऱ्यांनाच लागू होणार की पुढच्या निवडणुकीनंतर येणाऱ्यांना, हेही तिथेच. अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेतील सत्ताविसावी दुरुस्ती केवळ या एका मुद्द्यासाठी आहे : संसदेने आपल्या पगारात केलेला बदल मध्ये एक निवडणूक होऊन गेल्याशिवाय लागू होत नाही. जेम्स मॅडिसन यांनी ती १७८९ मध्ये मांडली आणि ती १९९२ मध्ये अमलात आली. दोनशे वर्षे रेंगाळलेली ही दुरुस्ती मला १-एफसारख्या दहा प्रस्तावांपेक्षा मोलाची वाटते, कारण ती कोणालाही शिक्षा करत नाही. निर्णय आणि लाभ यांच्यामध्ये फक्त मतदाराला उभे करते.

महाराष्ट्राविषयीच्या आपल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर छोटे आहे. भारताच्या राज्यघटनेत असे सार्वमत घेण्याची सोयच नाही. संसद सदस्यांच्या वेतनासाठी अनुच्छेद १०६ आणि आमदारांच्या वेतनासाठी अनुच्छेद १९५ हा अधिकार त्या त्या विधिमंडळाला कायद्याने वापरायला देतो. महाराष्ट्रात १९५६ चा वेतन व भत्त्यांचा कायदा त्यासाठी आहे आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिवेशनाच्या अखेरीस चर्चेविना मंजूर झालेल्या दुरुस्तीने आमदारांचे मासिक वेतन साधारण ७५ हजार रुपयांवरून दीड लाखाच्या पुढे गेले. त्या रकमेला माझा विरोध नाही. मोठ्या मतदारसंघात रोज दारी येणाऱ्या माणसांना चहा विचारून, गावोगाव फिरून काम करणाऱ्या प्रामाणिक आमदाराचा खर्च मला माहीत आहे. चर्चेविना, स्वतःसाठी, ताबडतोब, या तीन गोष्टींना माझा विरोध आहे.

यावर सार्वमताशिवायही उपाय आहे. खासदारांच्या बाबतीत २०१८ मध्ये संसदेने वेतन महागाई निर्देशांकाशी जोडून दर पाच वर्षांनी आपोआप बदलण्याची व्यवस्था केली, आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेली एक लाखावरून १ लाख २४ हजारांची वाढ त्याच सूत्राने आली. आकडा खासदारांनी निवडला नाही. अनुच्छेद १९५ विधिमंडळाने वेतन ‘कायद्याने’ ठरवावे एवढेच म्हणतो. तो कायदा एखाद्या स्वतंत्र आयोगाची शिफारस बंधनकारक करू शकतो, आयोगाच्या सभा खुल्या ठेवू शकतो, त्यावर एक शेतकरी, एक शिक्षिका आणि एक कामगार असावा असे लिहू शकतो. आणि आयोगापर्यंत जायचे नसेल, तर १९५६ च्या कायद्यात एका वाक्याची भर पुरेशी आहे : वेतनातील कोणतीही वाढ पुढील विधानसभा अस्तित्वात आल्याच्या दिवसापासून लागू होईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही. कोणताही एक आमदार ते अशासकीय विधेयक म्हणून उद्या मांडू शकतो.